खुलासा : मनोरुग्णालयाचे कागद आणि खुनाचा खटला

‘मनोरुग्णालयाचे कागद असले की साक्षीदार बाद, आणि आरोपीकडे असले की खून माफ’ असा मेसेज रत्नागिरी-राजापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही चूक. कायद्यातच बघा : भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १२४. प्रश्न समजून नीट उत्तर देता येत असेल, तर मनोरुग्णही साक्ष देऊ शकतो. विश्वास किती ठेवायचा, ते उलटतपासणीनंतर कोर्ट ठरवतं.

आरोपीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या केसेसना आधीच्या कायद्याचं, म्हणजे भारतीय दंड विधानाचं, कलम ८४). त्यात प्रश्न एकच : घाव घालताना, मनाच्या आजारामुळे, त्याला आपण काय करतोय किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे कळूच शकत नव्हतं का? नुसत्या जुन्या केसपेपरांवर भागत नाही. सिद्ध बचावानेच करायचं. सुटला तरी लगेच एसटी पकडून घरी नाही, कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं.

मनोरुग्णालयात गोळ्या न्यायला येणारे आधीच तोंड लपवून येतात हो, त्यात असले मेसेज! तो मेसेज पुढे पाठवू नका.