केळी-शहाळं चांगलंच, पण किडनीवाल्यांचं काय?

पोटॅशियमनं बीपी कमी व्हायला मदत होते, केळी, शहाळं घ्या, कमी सोडियमचं मीठ वापरा असं बीपीवरच्या एका लेखात लिहिलंय, ते बरोबरच आहे, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) पण मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३५१० मिलीग्रॅम पोटॅशियम सांगते. पण ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांच्यासाठी एक ओळ तरी पाहिजे होती हो.

आमच्या वडिलांना शुगर, बीपी दोन्ही, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर. कुणीतरी सांगितलं म्हणून आईनं तसलं कमी सोडियमचं मीठ आणलं, वर रोज रंकाळ्यावरनं फिरून येताना एक शहाळं, आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टन, जी स्वतःच पोटॅशियम अंगात धरून ठेवते, हे आम्हाला कुठं माहीत! पंधरा दिवसांत पाय गळाल्यासारखे झाले, जिना चढवेना, आम्ही म्हटलं वय झालं. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.३! नॉर्मल साडेतीन ते पाच. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढून अ‍ॅडमिटच केलं, हे वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यावर येतंय म्हणाले.

घरी येऊन मिठाचं पाकीट उलटं करून बघितलं, मागं बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे सोडियमच्या जागी पोटॅशियमच!

आता आई बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि ते पाणी ओतून देते, त्यानं पोटॅशियम बरंच निघून जातं. शहाळं बंद, पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा म्हणून दोनच चमचे. किडनीचा त्रास असलेल्यांनी मीठ बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा, प्लीज.