‘पत्रिकेबरहुकूम जोडायचंच तर असतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तामिया या जपानी कंपनीच्या किटमधून, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग आणि जोडणीच्या सूचनांची पत्रिका असलेल्या डब्यातून, केलेल्या १९६६ च्या फोक्सवॅगन बीटलच्या छोट्या मॉडेलच्या रंगकामावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतरांच्या नजरेतून ती सुटली असेल, म्हणून आधी तीच देते: ‘ताई, घरात बराच रिकामा वेळ दिसतोय. किटमधले भाग पत्रिकेबरहुकूम जोडायचेच तर असतात, त्यात कौशल्य कसलं? शिवाय नुसतं प्लास्टिक, आणि भलतं महाग. न उघडलेले डबे कपाटात साठवणं हा तर हव्यास. आणि करायच्याच तर आपल्या गाड्या करा, जर्मन-जपानी कशाला?’

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण पुढचं सगळं तुम्ही त्याच सुरात लिहिलंय. माझा वेळ रिकामा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते, घर सांभाळते आणि रात्री जेवणं उरकल्यावर टेबलाशी बसते. मागे एका वाचकानं स्वतः केलेल्या रणगाड्याचे फोटो पाठवले होते. मी ते इथे दिले, तेव्हा त्याखाली ‘जबरदस्त, दादा!’ असं तुम्हीच लिहिलं होतंत. मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. रणगाडाही किटचाच होता, पत्रिकाही होतीच. दादाचा वेळ सत्कारणी लागला आणि ताईचा रिकामा ठरला. मत वेगळं असायला माझी हरकत नाही. पण ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दाला हिणवायचं, ही रीत सांगलीत तरी कुणी सभ्य मानत नाही.

आता पत्रिकेचं.

माझे वडील माधवनगर रस्त्यावरच्या एका गॅरेजात गाड्यांचं रंगकाम करायचे. शाळा सुटली की मी तिथेच असायची. पुट्टी, वॉटर पेपर, सर्फेसर, रंग, पुन्हा वॉटर पेपर, मग रबिंग, हा क्रम मी पाढ्यांबरोबरच शिकले. रंगाच्या डब्यावर तेव्हाही सूचना छापलेल्या असत: थिनर किती घालायचा, दोन हातांमध्ये किती थांबायचं. त्या वाचता येणारी माणसं गावात भरपूर होती, तरी लोक गाडी आमच्या वडिलांकडेच आणायचे. का आणायचे, याचं उत्तर तुमच्या त्या एका वाक्यात कुठे बसतं ते मला सांगा.

जुलै-ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढलेलं असतं, भिंतींनासुद्धा ओल येते. अशा हवेत लॅकर मारला की थिनर भराभर उडतो, उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. वडील अशा दिवशी ऊन येईपर्यंत रंगाची स्प्रे गन हातात घेत नसत. अगदीच घाईचं काम असलं तर सावकाश उडणारा थिनर मिसळत. मी आज एअरब्रशनं, म्हणजे पेनाएवढ्या स्प्रे गननं, वीतभर बीटल रंगवते तेव्हा नेमकं हेच करते. तामियाच्या गावी, जपानातल्या शिझुओकात छापलेल्या पत्रिकेत सांगलीच्या श्रावणाबद्दल एक ओळ नसते.

तुम्हाला आकडे हवे असतील तर तेही देते. खऱ्या गाडीवरचा रंग सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. माझं मॉडेल खऱ्या गाडीच्या १/२४ मापाचं, म्हणून त्याला २४ नं भागलं की जेमतेम ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश, उरतात. इतका पातळ थर हातानं मारता येत नाही, म्हणजे मॉडेलवरचा रंग कायमच प्रमाणाबाहेर जाड असणार. दार आणि बॉडीमधली फट खऱ्या गाडीत ४ मिलिमीटर धरली तर १/२४ मध्ये ती ०.१७ भरते. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर एवढं चढलं की ती बुजते आणि गाडी साबणाची वडी दिसायला लागते. म्हणून रंगाआधी प्रत्येक रेष स्क्रायबरच्या टोकानं कोरून खोल करून घ्यावी लागते, आणि हात जरा घसरला की दारावर चरा उठतो. मेटॅलिक रंगाचंही तेच. खऱ्या गाडीचा ऑटो पेंट मारला तर त्यातला धातूचा चुरा प्रमाणात चोवीसपट मोठा दिसतो. बारीक चुऱ्याचा रंग शोधायचा, तो किती पातळ करायचा, गन किती लांब धरायची, हे आधी टाकाऊ तुकड्यांवर मारून ठरवावं लागतं. पत्रिकेत फक्त रंगाचा नंबर असतो.

पत्रिकेत काचेच्या चित्राशेजारी एक बाण असतो, बस्स. तिथे फेविक्विक लावलं तर त्याच्या वाफेनं काच धुरकटते. मी टोकदार काडीनं फेविकॉल लावते, वाळल्यावर त्याचा माग राहत नाही. क्रोमचा बंपर असेल तर चिकटवायच्या जागेचा मुलामा आधी खरवडून काढायचा. कारण किटचं सिमेंट, म्हणजे भाग चिकटवायचा द्रव, प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं, मुलाम्यावर ते धरत नाही.

आणि २०१९ चा पूर. तुम्ही सांगलीचे असाल तर ऑगस्टचे ते दिवस तुम्हाला सांगायला नकोत. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, कपाटाच्या खालच्या फळीवरचे सगळे डबे भिजले. पत्रिकांचा लगदा झाला. डिकॅल, म्हणजे गाडीवर चिकटवायची छापील चिन्हं, तर पाण्यानंच सुटतात, ते गाळात गेले. चिखलातून प्लास्टिक धुऊन काढलं तेव्हा हातात नुसत्या फांद्या होत्या, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काड्या, आणि त्यांवर भागांचे नंबर. त्या गाड्या मी पत्रिकेशिवाय बांधल्या. कुठला भाग कुठे जाईल हे मला गाडी कशी असते त्यावरून कळत होतं: हा आर्म चाकाला धरतो, ही नळी सायलेन्सरकडे जाते, हा कंस रेडिएटरचा. त्यांतली एक अजून दिवाणखान्यात आहे.

मिरजेत तंबोरा करणाऱ्यांच्या गल्लीत एकदा जाऊन या. भोपळा, दांडी, घोडी, सगळ्याची मापं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. तिथल्या कारागिरासमोर उभं राहून म्हणा, ‘मापाबरहुकूम जोडायचंच तर असतं.’ घोडीवर जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासताना, त्याचा कान काय करतो हे तो तुम्हाला दाखवेल. मला मात्र हे सगळं लिहून सांगावं लागतंय.

‘नुसतं प्लास्टिक’ असाही एक शब्द तुम्ही जाता जाता वापरलात. १९७६ मध्ये पोर्शे ९३४ चं, म्हणजे पोर्शे ९११ च्या शर्यतीच्या रूपाचं, १/१२ मापाचं किट काढताना तामियानं खरी ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती. एवढं पाहून ज्यांनी साचे घडवले त्यांच्या कामाला नुसतं प्लास्टिक म्हणायला मी तयार नाही. इंजिनसकटचं मॉडेल मी वर्गात नेते. ते पोरांच्या हातात उलटं करून दिलं की मागच्या इंजिनाची गाडी आतून कशी असते ते फळ्यापेक्षा लवकर कळतं.

हे महाग आहे, एवढा तुमचा मुद्दा मला मान्य. त्यात वादच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. जोडायची मॉडेलंही त्याच वर्गात मोडतात. कॉलेजातल्या पोरापोरींनी मला विचारलं तर मी आधी किंमत सांगते, मग बाकीचं. तुम्ही एवढंच लिहिलं असतंत तर मी आभार मानले असते.

डब्यांबद्दल: किट निघायचं थांबलं की ते पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मिळेल तेव्हा घेऊन ठेवते. याउपर माझ्या कपाटाचा हिशेब मी तुम्हाला देणं लागत नाही.

राहिल्या ‘आपल्या गाड्या’. जर्मन-जपानी गाड्या मी करते कारण किटं त्यांचीच निघतात. आपल्या गाड्यांचं इतक्या तपशिलाचं किट मला तरी दुकानात कधी दिसलं नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी पद्मिनी करतेय, स्टायरीन या प्लास्टिकच्या कोऱ्या शीटमधून. फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनं काढलेली तीच गाडी, जी वडिलांनी किती वेळा रंगवली असेल त्याची गणती नाही. विश्रामबागेतल्या एका काकांकडे अजून चालू स्थितीतली आहे. टेप घेऊन मी तिची मापं काढली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये ९७.५. चासी, छप्पर आणि चारी दारं झाली आहेत. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा तारेतून वळवलाय. याची पत्रिका कोण छापणार होतं?

ग्रिलच्या आडव्या पट्ट्यांवर अडले आहे. पट्टीनं कापल्या तर जाड होतात आणि फांदी तापवून ओढल्या तर गोल होतात. ग्रिल जमली की फोटो टाकीन. तेव्हा त्या पट्ट्यांबद्दल काही सुचवता आलं तर जरूर लिहा, मी करून बघेन. माझ्या रिकाम्या वेळाबद्दल पुन्हा काही लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकीन, आणि त्याचं कारण विचारू नका.