दुसरी ग्रिड कशाला: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'गेम ऑफ लाइफ' म्हणजे चौकटींच्या जाळीत (ग्रिडमध्ये) प्रत्येक घरातला १ (जिवंत) किंवा ० (मेलेलं) ठरलेल्या नियमांनी पिढीगणिक बदलत नेणारा प्रोग्रॅम. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. दुसरी ग्रिड उगाच घेतलीय, पुढची पिढी त्याच घराच्या दुसऱ्या बिटमध्ये (०-१ ठेवायच्या जागेत) मावते. ब्लिंकरची (आडवी-उभी होत राहणाऱ्या तीन १ च्या ओळीची) आकृती चुकलीय. कडेच्या घरांचं काय, ते सांगितलेलंच नाही. आणि शेवटी, "शिकवण्याआधी स्वतः शिकून घ्या."

आकृती चुकली होती, तीनऐवजी चार १ पडले होते. दुरुस्त केली. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. २००१ साली आमच्या लॅबमध्ये आठवड्याला दोन तास कॉम्प्युटर मिळायचा, तोही तिघांत एक. म्हणून हा प्रोग्रॅम मी आधी आलेखवहीत चालवला, पेन्सिलीनं, जुना आकडा खोडून त्याच घरात नवा लिहीत. (हा खेळ रचणारे गणिती जॉन कॉनवेही आधी 'गो' या बैठ्या खेळाच्या पटावर सोंगट्या मांडूनच हे करत, १९७० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरातून ते जगाला कळलं.) आणि नेमका तिथंच फसलो.

पाच बाय पाचची ग्रिड, मधल्या ओळीत मधले तीन १. जिवंत घराला आठ शेजाऱ्यांपैकी (तिरकेही धरून) दोन किंवा तीन जिवंत असले तर ते टिकतं. मेलेल्याला नेमके तीन असले तर ते जिवंत होतं. म्हणजे आडवा ब्लिंकर उभा व्हायला हवा. पण जागच्या जागी बदलत गेलात की दुसऱ्या ओळीतलं मधलं घर १ होतं, आणि त्याच्या उजवीकडचं घर त्या नव्या १ ला जुनाच समजून मोजतं. दोनाचे तीन झाले, तेही जिवंत! पुढे सगळा बट्ट्याबोळ. दोन दिवस डोकं खाजवलं. मग वहीचं दुसरं पान घेतलं, जुनं बघून नवं त्यावर लिहिलं, आणि सुटलं. ते दुसरं पान म्हणजेच तुम्हाला खुपलेली दुसरी ग्रिड. गेली चौदा वर्षं मुलांना शिकवतोय, दर बॅचला कुणीतरी इथंच आपटतं. तेव्हा शिकलोय हो, खोडरबर झिजवून शिकलोय.

तुमची युक्ती चालत नाही असं कुठं म्हणालो? खालचा बिट आजचा, वरचा उद्याचा, शेवटी उजवीकडे एक शिफ्ट, म्हणजे बिट एक जागा सरकवायचे. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर २८९ व्या प्रश्नात ती विचारतातच, मुलाखतीला निघालेल्यांनी जरूर पाठ करावी. माझी ग्रिड २० बाय २० ची. ४०० घरं! एवढ्यात कुणाच्या बापाची मेमरी वाचवताय?

कडेबाहेर सगळं ० धरलंय, कोड वाचलात तर दिसेल. ग्लायडर (तिरका सरकत जाणारा पाच १ चा आकार) भिंतीवर आदळून चौकोन होऊन बसतो, तर बसू दे. त्यावर कधीतरी लिहीन.

आणि पुढच्या वेळी खरं नाव टाका. '०१०१' या टोपणनावाला अहो-जाहो करताना जीभ अडखळते.