परडं चार महिन्यांचं नाही

मे महिना लागला की व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात घरची भाजी ही नुसती हौस. जांभ्या मातीत कस नाही, पावसात सगळं कुजतं, दिवाळीनंतर पाणी नाही, उरलंसुरलं वानर खातात. त्यापेक्षा बाजारातून आणा, स्वस्त पडतं. मालवणच्या बाजूला आमचं अडीच गुंठ्यांचं परडं, म्हणजे घरामागची भाजीची बाग, आहे आणि वीस वर्षं ते मी सांभाळते. हा मजकूर वाचून आमच्या वाडीतल्या दोन घरांनी मागीलदारी सिमेंटच्या लाद्या घातल्या. ते बघवलं नाही, म्हणून लिहितेय.

जांभी माती आंबट असते, हे खरं. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस तिच्यातला कस धुऊन नेतो, आणि स्फुरद असलं तरी ते लोह-अॅल्युमिनियमला चिकटून राहतं, झाडाला मिळत नाही. पण यावरचं औषध आपण दर जानेवारीत जाळून टाकतो. काजू-आंब्याखालचा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पानं, झाडून ढीग करायचा आणि काडी लावायची, ही सवय मोडा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. आमच्याकडे आळं खणलं की तळाला नारळाची सोडणं (वरची सालं) जातात, खोलगट बाजू वर करून. त्यावर पातेरा, शेण, चुलीतली राख आणि वर माती. सोडणं ओल धरतात, राखेनं आंबटपणा उतरतो. तिसऱ्या वर्षी त्या आळ्यात हात घातला की मनगट सहज आत जातं, माती काळपट आणि मऊ लागते. तिथून दोन हातांवर कुदळ मारली तर खण्णकन वाजते. माती तीच.

पावसात कुजतं ते टोमॅटो आणि फ्लॉवर. ते त्या दिवसांत लावूच नयेत. पडवळ, दोडकी, कारली, तवसं (मोठी काकडी) यांचे वेल मांडवावर चढवले की फळ खाली लोंबतं, पाणी निथळून जातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तारा’ हे कारलं याच हवेसाठी काढलं. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी तर कोणी लावतही नाही, मृगाच्या सरी पडल्या की आपोआप येतात. गणपतीच्या डोक्यावर आपण माटवी, म्हणजे फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट, बांधतो. तिला लागणारं तवसं, सुपारीचा घड, कवंडळं हे सगळं ऐन भाद्रपदात कुठून येतं, हे मजकूर लिहिणाऱ्याने एकदा आपल्या आजीला विचारावं.

त्यातलं तवसं तर पाऊस गेल्यावरही पुरतं. साल तांबूस होऊन तिच्यावर जाळी उमटली की देठासकट काढायचं, सुंभाचा फास घालायचा आणि वाशाला टांगायचं. एकाला दुसरं लागू द्यायचं नाही, लागलं की तिथूनच नासतं. आमच्या पडवीत दिवाळीनंतरही चार-पाच लोंबत असतात. थंडीत एक उतरवून किसायचं, गूळ आणि तांदळाचा रवा घालून धोंडस, म्हणजे गोड केक, करायचं.

आता पाणी. भात कापल्यावर शेतातल्या नुसत्या ओलीवर कुळीथ, चवळी, कडवे वाल येतात. परड्यात लाल माठ, मुळा, वांगी, मिरची यांना विहिरीचं शिंपण लागतं, ते फेब्रुवारीपर्यंत पुरतं. चौघांच्या न्हाणीचं पाणी दिवसाला दहा-बारा बादल्या होतं. ते केळींना आणि माडाला जातं. कपड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र मी भाजीला घालत नाही. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की वाफे बंद, आणि ते तसेच बंद ठेवावेत. तेव्हा द्यायची पाळी झाडांची असते: ओले काजू, कच्चा फणस, शेवगा, कैरी, मग रातांबे. बारा महिने एकच भाजी हवी म्हटलं तर ते आपल्या परड्याला कधीच जमणार नाही. पण त्या त्या महिन्याचं मागितलं तर ते कोणाला उपाशी ठेवत नाही.

वानरांबद्दल मी वाद घालणार नाही. गेल्या वर्षी एका सकाळी भोपळ्याचा अख्खा वेल गेला. सुरण, अळू, हळद, कारलं यांना ते सहसा हात लावत नाहीत, म्हणून ती बांधाकडे आणि बाकीचं घरालगत, इतकंच माझ्या हातात आहे. हा प्रश्न एकट्या घराने सुटणारा नाही.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. आपल्या बाजारातली बरीचशी भाजी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं, घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा आमच्याकडे भाजीची गाडी आली नाही. ते दिवस आम्ही अळू, पडवळ आणि राखेत ठेवलेल्या फणसाच्या आठळ्यांवर काढले. आणि बियाण्याला खर्च कसला? वेलावरचं पहिलं चांगलं फळ न तोडता ठेवायचं, त्याचं बी राखेत घोळून शेणाबरोबर भिंतीला थापायचं. आमच्या मागच्या भिंतीवर आत्ता तवशाच्या सात आणि दोडक्याच्या चार थापट्या सुकलेल्या आहेत. आम्हाला तीन पुरतात. बाकीच्या मृगाआधी कोणीही येऊन न्याव्यात, लाद्या घातलेल्या त्या दोन घरांनीसुद्धा.