बटणाला नाव द्या
लिनक्स (विंडोजसारखी संगणकप्रणाली) अंधांच्या कामाचं नाही, असं एका लेखात म्हटलंय. मी पूर्ण अंध आहे आणि रोज तेच वापरतो. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये सुपर (विंडोजची कळ), ऑल्ट आणि एस या कळा एकदम दाबल्या की ऑर्का, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, बोलायला लागतो. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. खरी अडचण बहुतेक वेळा ऑर्काची नसतेच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चित्राच्या बटणाला नावच दिलं नसेल, तर ऑर्का बिचारा नुसतं ‘बटण’ म्हणून गप्प बसतो. अशी सात बटणं ओळीने आली की बसा चाचपडत! ऑर्काला आवाज देणारा ईस्पीक हा प्रोग्रॅम मराठीही वाचतो, आवाज मात्र सर्दी झालेल्या यंत्रमानवाचा. (घरचे अजून वैतागतात.) आणि विंडोजवरचा असाच वाचून दाखवणारा प्रोग्रॅम एनव्हीडीए, ज्याचं काम २००६ मध्ये सुरू झालं, तोही ऑर्कासारखा मुक्तस्रोतच (कोड सगळ्यांना खुला असलेला) आहे. तेवढं लेखकाच्या नजरेतून सुटलं.