स्काउटची बाजू कोण ऐकणार?

आपल्याकडे मुलांना वळण लावण्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, मुलांना मान देणं वगैरे अमेरिकेची थेरं, त्यानं पोरं डोक्यावर बसतात. अमेरिकेत राहून दिसतं ते वेगळंच. हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) ही कादंबरी ज्या अलाबामा राज्यात घडते, तिथल्या सरकारी शाळांत मुलांना फळीनं मारायला कायद्यानं आजही बंदी नाही. टेक्ससमध्येही नाही, नको असेल तर पालकांनी तसं लेखी कळवायचं. उलट भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम शाळेतला मार आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं.

म्हणून या कादंबरीतल्या अ‍ॅटिकस फिंचला, स्काउट ही मुलगी नि जेम हा मुलगा यांच्या वकील बापाला, अमेरिकेचा नमुना समजू नये. १९३०च्या दशकातल्या त्याच्या गावातही तो वेगळाच बाप होता. मुलं त्याला नावानं हाक मारतात, हे आपल्याला खटकेल. पण त्यात फारसं काही नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

नाताळात आत्याचा नातू फ्रान्सिस अ‍ॅटिकसबद्दल वाईटसाईट बोलतो. स्काउट त्याला ठोसा लगावते, वर शिवी हासडते. अ‍ॅटिकसचा भाऊ जॅककाका काही न विचारता तिला चोपतो. नंतर ती त्याला सुनावते: माझी बाजू ऐकलीच नाहीस, माझं नि जेमचं भांडण झालं तर अ‍ॅटिकस दोघांचं ऐकतो. काका डोकं खाजवतो आणि विचारतो, काय होती तुझी बाजू? ती सांगते, पण अट घालते की अ‍ॅटिकसला कळता कामा नये. रात्री अ‍ॅटिकस आणि जॅक बोलत बसतात, तेव्हाही काका शब्द मोडत नाही. आपल्याकडे नेमकं इथंच बिनसतं. ‘कुणाला नाही सांगणार’ म्हणायचं आणि पाहुण्यांसमोर हसत हसत सांगून टाकायचं. पुढच्या वेळी मूल तोंड उघडत नाही.

त्याच दिवशी स्काउटनं एका अश्लील शब्दाचा अर्थ विचारला, तर काकानं भलताच किस्सा सांगून वेळ मारून नेली. अ‍ॅटिकस त्याला बजावतो की मुलानं विचारलं तर उत्तर दे, पण त्याचा सोहळा करू नकोस; टाळाटाळ मुलांना लगेच कळते. पुढे ती बलात्कार म्हणजे काय हे विचारते, तेव्हा तो कायद्यातली एका वाक्याची व्याख्या सांगतो. खरं, थोडक्यात आणि विचारलं तेवढंच.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाली, लोक रुळांवर उतरले, घरोघरी चांगल्या-वाईट स्पर्शाचे धडे सुरू झाले. ते आवश्यकच आहेत. पण ज्या घरात एरवी ‘मोठी झालीस की कळेल’ एवढंच उत्तर मिळतं, तिथली मुलगी घाबरल्यावर नेमकं कुणाला सांगणार?

अ‍ॅटिकसच्या या पद्धतीत लाड कुठेच नाहीत. जेमनं मिसेस ड्यूबोसची कॅमेलियाची झाडं छाटली, तर महिनाभर रोज दुपारी आणि शनिवारीही दोन-दोन तास तिला वाचून दाखवायची पाळी त्याच्यावर आली. त्या चिडक्या म्हातारीनं स्वतः मागितलेली ही भरपाई अ‍ॅटिकसनं मुलाला चुकवू दिली नाही.

इथल्या, अमेरिकेतल्या मराठी घरांनी मात्र स्काउट-जेमचा मित्र डिल याचं प्रकरण पुन्हा वाचावं. त्याला घरी मार नाही, हवं ते विकत मिळतं. घे आणि जा खेळ, असं सांगून मोठी माणसं आपल्या खोलीत जातात. तो घरातून पळतो आणि स्काउटच्या पलंगाखाली लपतो. टॅबलेट हातात देऊन मिळवलेली आपली शांतता याच जातीची आहे.