सीएफच्या पोरांना ‘ऊन खा, नाचणी खा’ एवढंच सांगून भागत नाही

सध्या म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, अंगातले स्राव चिकट करणारा जन्मजात आजार) हा फुफ्फुसाचा आजार, त्याचा हाडांशी काय संबंध, गोव्यात ऊन भरपूर, ताटात तारले-बांगडे, सकाळी नाचणीचं तिजाण, मग विशीतल्या पोरांची हाडं तपासायची गरजच नाही, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी मुतखडे होतात. माझ्या मावसभावाला सीएफ आहे, विशीतला आहे, फुफ्फुसं बरीच खराब झालीयत आणि हा मेसेज मावशीला नातेवाइकांनीच पाठवलाय, म्हणून लिहितेय.

पहिलं, ‘फुफ्फुसाचा आजार’. ज्याच्या बिघाडानं सीएफ होतो ते सीएफटीआर नावाचं जीन १९८९ साली सापडलं, ते नुसतं फुफ्फुसात काम करत नाही. बहुतेक पेशंटांच्या स्वादुपिंडाच्या नळ्या चिकट स्रावानं बंद होतात, पाचक रस आतड्यात पोचत नाही, चरबी पचत नाही आणि तिच्याबरोबर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिनं तशीच बाहेर जातात, त्यातली डी आणि के हाडांना लागतात. छातीत कायमचं इन्फेक्शन असलं की शरीरात जी सूज राहते ती हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर देते, त्यात स्टेरॉईड, कमी वजन, उशिरा वयात येणं, डायबेटीस... आजार जितका पुढे गेलेला तितकं हे सगळं एकदम अंगावर येतं.

ऊन? त्वचेत डी तयार होतं हे खरंच आहे. पण ज्याला चार पावलं चालून दम लागतो, महिन्यातले कितीतरी दिवस सलाईनवर जातात, तो उन्हात बसणार कधी? सकाळच्या कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरण फार कमी असतात, सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो, आणि वर आपला पावसाळा. व्होरिकोनाझोल (बुरशीवरचं), डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) असल्या औषधांवर असताना तर कातडी उन्हानं भाजते. आणि सीएफमध्ये घामातून मीठ खूप जातं, मे महिन्यात मिठाची सोय न करता पोराला उन्हात बसवणं धोक्याचं आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला कोणीतरी सांगा. रक्तातलं डी वर्षातून एकदा तरी तपासायचं, साधारण मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवायचं, डोस त्यावरून डॉक्टर ठरवतात.

नाचणी, दूध, तारले जरूर खाऊ दे, चांगलंच आहे. फक्त ज्याला पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात त्यानं त्या जेवणासोबत घेतल्या नाहीत तर डी आणि के अंगी लागत नाहीत, ताट कितीही भरलेलं असो.

आता ‘तरुणांना टेस्ट कशाला’, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. हाडांची भरती तिशीच्या आतबाहेर संपते, म्हणजे बघायचं ते याच वयात. डेक्सा स्कॅनला (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा एक्स-रे) रेडिएशन अगदी नगण्य, आणि तरुणांमध्ये झेड स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना, उणे २ किंवा त्याखाली गेला की हाडं वयाच्या मानानं विरळ. सीएफच्या पेशंटचा हा स्कॅन उशिरात उशिरा १८ व्या वर्षापर्यंत व्हावा असं तज्ज्ञ सांगतात. कारण विरळ झालेली बरगडी नुसत्या खोकल्यानंही मोडते, मोडली की दुखतं म्हणून पोर खोकत नाही, कफ आतच राहतो, इन्फेक्शन वाढतं. मणका दबला तर पाठीला बाक येतो आणि छातीला फुलायला जागा उरत नाही. पुढे फुफ्फुस बदलायची वेळ आली तर हाडांची अवस्था तिथेही विचारात घेतात, कारण ऑपरेशननंतरचं स्टेरॉईड आणि टॅक्रोलिमस (शरीरानं नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून देतात ते औषध) हाडं आणखी पातळ करतात. म्हणून लवकर कळलं तर बरं, वजन वाढवता येतं, फिजिओच्या सल्ल्यानं व्यायाम सुरू करता येतो, गरज पडली तर हाडांची झीज रोखणारी झोलेड्रोनेटसारखी औषधं आहेत (इंजेक्शननंतर ताप, हाडदुखी होऊ शकते, आधीच विचारून ठेवा).

मुतखड्याचं म्हणाल तर सीएफमध्ये तो मुळातच जास्त होतो. न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि मोकळं राहिलेलं ऑक्झलेट (जेवणातून येणारा, खडे बनवणारा घटक) रक्तात, तिथून किडनीत जातं. जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर हे ऑक्झलेट उलट वाढतं. तेव्हा मेसेज वाचून गोळ्या बंद करू नका, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) किंवा जिथे फॉलोअप आहे तिथे पुढच्या भेटीत डी, कॅल्शियम आणि डेक्साचं एकत्रच विचारा.